बेल्टवाल्या बापाचं जपानी जेवण

हसायचं असन तं आत्ताच हसून घ्या बाप्पा, कारण एकदा मी सुरू झालो की मधात थांबणार नाही. चहा येऊ द्या, बिस्किट येऊ द्या, पण मले टोकू नका. आपल्या हातानं आपली अशी फजिती करून घेणारा माणूस तुमाले आपल्या भिलाईतल्या अख्ख्या रिसालीत दुसरा सापडणार नाही, हे मी लिहून देतो. अन् ती फजिती कुठं केली? बेंगळुरूत! जपानी खानावळीत! सख्ख्या पोरीच्या परीक्षेच्या दिवशी!

बाजूले नवीन माणूस बसला आहे, त्याच्यासाठी थोडं मागून सांगतो. मी चौतीस वर्षं स्टील प्लांटमधे कन्व्हेयर बेल्टवर काढली. रबराचा लांबच लांब पट्टा, त्याच्यावर कच्चा माल, अन् त्याच्या बाजूनं हातात टॉर्च घेऊन फिरणारा मी. खाली कुठं एखादा रोलर किरकिरला की मले पन्नास पावलांवरून समजे. रिटायर झालो, पण कान काही रिटायर झाले नाहीत. घरी बायकोनं मिक्सर लावला तरी मी जाऊन कान लावतो. शोभा म्हणते, "अवो, शेंगदाण्याची चटणी आहे ते, तुमचं आयर्न ओर नाही!"

आता एक गोठ नीट ध्यानात ठेवा. बेल्टच्या बाजूनं, हाताच्या उंचीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लाल दोरी बांधलेली असते. पुल-कॉर्ड म्हणतात तिले. कोणाचा कपडा बेल्टकडे गेला, काही वाकडंतिकडं दिसलं, की ओढायची. बेल्ट बंद! साहेबाले विचारायचं नाही, फोन करायचा नाही. जो पाहीन त्यानं ओढायची. अन् आमच्या उस्तादनं शिकवलं होतं, बेल्ट पुरता थांबेपर्यंत हातातून सोडायची नाही.

चौतीस वर्षांत मी ती दोनदा ओढली. एकदा बेल्टवर झोपायले आलेल्या मांजरीसाठी, अन् एकदा साहेबांच्या टिफिनसाठी. दोन्ही वाचले.

तं माही पोरगी, प्राची. एकुलती एक. मेटलर्जीत इंजिनियर केली तिले. मले वाटे, ही प्लांटमधे लागन, डोक्यावर पांढरं हेल्मेट घालून येईन, अन् गेटवरचे लोक म्हणतीन, बेल्टवाल्या काकाची पोट्टी साहेब झाली. पण तिनं बेंगळुरूले कंप्युटरची नोकरी धरली. ठीक आहे म्हटलं. सहा महिने झाले अन् एक दिवस फोन.

"बाबा, मी ते काम सोडलं. मी जपानी स्वैपाक शिकून राहिली."

"कुठं? जपानमधे?"

"नाही बाबा, इथंच. मेडिकलच्या दुकानाच्या वर एक छोटी जागा आहे. लोक येतात, काउंटरवर बसतात, खातात, जातात."

"बरं, मग शिकवून काय राहिले तुले?"

मग हळूच म्हणते कशी, "सध्या तांदूळ धुवून राहिली."

बापा रे बाप! मेटलर्जी! भिलाईतली कोचिंग, पहाटे साडेपाचले स्कूटरवर मागं बसवून सोडणारा मी, अन् पोरगी तांदूळ धुते! मी म्हटलं, "तांदूळच धुवायचे होते तं घरी काय कमी होते? आपण धानाच्या मुलखात राहतो, आपल्या गल्लीतली तीन वर्षांची पोट्टी तांदूळ धुते!"

"बाबा, तसे नाही. त्याची पद्धत असते."

एक वर्ष झालं, पोरगी तांदूळ धुते. दुसरं वर्ष झालं, आता शिजवते पण. तिसऱ्या वर्षी मासा कापते. इकडं मी लोकांले काय सांगून राहिलो होतो? आमच्या शेजारचे तिवारीजी विचारत, "बिटिया किस लाईन में है?" तं मी छाती काढून सांगे, "फूड टेक्नॉलॉजी में. जापान का कोलॅबोरेशन है." आता यात खोटं काय होतं तुम्हीच सांगा! टेक्नॉलॉजी म्हणजे कुकर नाही का? पण खरं सांगू, मले लाज वाटे. पोरीची नाही. लोक काय म्हणतीन याची.

अन् मग या वर्षी तिचा फोन आला, त्यानं माहं सगळं गणितच पालटलं.

"बाबा, मालक दुसरं दुकान टाकून राहिले. माहीत आहे कुठं? रायपूरले!"

रायपूर! माह्या घरून एक तास! सकाळी निघालो तं दुपारच्या जेवणाले घरी परत! शोभानं तिथंच देवाले हात जोडले. तीन वर्षांत पोरगी तीनदा घरी आली होती, अन् तीही दिवाळीत चार दिवस. मी म्हटलं, "मग सामान बांध!"

"तसे नाही ना बाबा. आम्ही दोघं जण आहोत. मी अन् एक मुलगा. थापाजी ठरवतीन कोण जाईन ते. गुरुवारी दुपारी पूर्ण काउंटर एकट्या माह्या हातात देणार आहेत. ते नुसते उभे राहून पाहतीन. पास झाली तं रायपूर. नाही तं इथंच, अजून दोन-तीन वर्षं."

थापाजी म्हणजे तिथले मुख्य स्वैपाकी, तिचे गुरुजी. मग म्हणते, "तुम्ही दोघं याल का? घरचं कोणी समोर बसलेलं असलं की मले हिंमत येते."

माह्या डोळ्यात पाणीच आलं. पण लगेच पुढं म्हणते, "लेकिन पापा, प्लीज." हे पाहा, पोरगी हिंदीत शिरली अन् बाबाचा पापा झाला की समजायचं, आता काहीतरी कडक येणार. "सिर्फ बैठना है. खाना है. कुछ करना नहीं है."

"मी काय करीन?"

"मागच्या वेळी मॉलमधे एस्कलेटरच्या खाली वाकून काय पाहून राहिले होते?"

"रोलर."

"तेच! तेच नाही करायचं!"

शोभानं माह्या हातातून फोन घेतला अन् म्हटलं, "तू काळजी नको करू बेटा, मी आहे बाजूले." आता ही बाई मले थांबवायले बाजूले होती, हे पुढच्या गोष्टीत ध्यानात ठेवा.

दुर्गहून गाडी पकडली. रस्ताभर शोभा मले शिकवून राहिली. हळू बोलजा. ढेकर देऊ नका. माणूस भेटला की जपानी लोक वाकून नमस्कार करतात, तसे करजा. मी बर्थवर बसल्या बसल्या वाकायची प्रॅक्टिस केली. वरच्या बर्थवरच्या माणसाले वाटलं माह्या पोटात दुखून राहिलं, त्यानं मले हाजमोला दिला.

गुरुवारी दुपारी पोचलो. मेडिकलच्या बाजूनं लाकडी जिना, वर छोटं दार. मी मनात पक्कं केलं होतं, जो पहिला दिसन त्याले वाकायचं. दारात हेल्मेट घातलेला एक माणूस उभा होता. मी कमरेतून असा वाकलो, असा वाकलो की खिशातून चष्म्याचं घर पडलं. तोही बिचारा वाकला. तो जेवणाचं पार्सल न्यायले आला होता.

थापाजींनी पाहिलं ते. जपानी बिपानी नाही हो, आपल्याकडचाच माणूस. दार्जिलिंगचे, वीस वर्षं जपानी उस्तादांच्या हाताखाली राबलेले, डोक्याले पांढरा रुमाल, चेहऱ्यावर एक रेघ हालत नाही. "आइए अंकलजी, बैठिए." बस, एवढंच. मग हाताची घडी घालून भिंतीजवळ जाऊन उभे राहिले. आमच्या प्लांटमधे तपासणीचे साहेब अस्सेच उभे राहत. मले तं घामच फुटला.

प्राची काउंटरच्या मागच्या पडद्यातून बाहेर आली. पांढरा सदरा, केस बांधलेले. आमच्याकडं पाहून एक हसली, अन् मग माह्याकडं पाहून डोळे वटारले. मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसलो.

अन् तेव्हा मले ते दिसलं.

काउंटरवर बेल्ट होता!

मी खोटं नाही सांगत! वीतभर रुंद, छोटुसा, गोंडस बेल्ट! पडद्याखालच्या भोकातून बाहेर येते, सगळ्या बसलेल्या लोकांच्या समोरून फिरते, अन् दुसऱ्या बाजूच्या भोकातून आत जाते. त्याच्यावर छोट्या छोट्या बशा, बशीत भाताचे गोळे, त्याच्यावर मासा, काकडी, काय काय. ज्याले जे पाहिजे त्यानं ते उचलायचं. पोट्टीनं मले तीन वर्षांत हे सांगतलंच नव्हतं! आता समजलं कावून नव्हतं सांगतलं.

"शोभा! कन्व्हेयर आहे!"

"दिसून राहिलं. गप बसा."

"स्पीड पाहा किती सुंदर ठेवली आहे!"

"अवो, तुमाले हात जोडते."

अन् मग मान वर केली तं काय दिसावं? बेल्टच्या वरून, हाताच्या उंचीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, लाल दोरी! चांगली अंगठ्याएवढी जाड! अन् दर दोन हातांवर तिले एक-एक लाल कागदी कंदील. माह्या मनात एका सेकंदात सगळं बसलं. दोरी म्हणजे पुल-कॉर्ड. अन् कंदील म्हणजे इंडिकेटर! कोणत्या जागेवरून ओढली ते कळायले पाहिजे ना! वा रे जपानी! एवढुशा खेळण्यासारख्या बेल्टले पण पूर्ण सेफ्टी!

तुम्ही हसा. पण त्या क्षणी मले काय वाटलं ते सांगतो. तीन वर्षं मी या जागेवर मनातून राग धरून बसलो होतो. माही पोट्टी कुठल्या लोकांत राहते, कसे असतीन, तिची काळजी घेत असतीन का. ती दोरी पाहिली अन् तो सगळा राग उतरला. जे लोक बेल्टले दोरी बांधतात ते चांगले लोक असतात. मी शोभाच्या कानात म्हटलं, "पोरगी बरोबर जागी आहे."

शोभाले वाटलं मले पोरीचं काम पटलं. तिनं पदरानं डोळे पुसले.

जेवण सुरू झालं. शोभा गुरुवारी मासा खात नाही, म्हणून प्राचीनं तिच्यासाठी कोहळ्याचे भजे केले होते. आपल्यासारखे जाड नाही, वरून असं पातळ कवच की दात लागला अन् तुटलं. मले भाताचा गोळा, समुद्री शेवाळाच्या कागदात गुंडाळलेला. मी पहिला घास खाल्ला.

आता पाहा, मी गोंदियाकडचा माणूस. भात माह्या रक्तात आहे. मले भातात कोणी फसवू शकत नाही. पण तो भात! एकेक दाणा वेगळा, अन् तरी एकमेकाले धरून. ना चिकट गोळा, ना फडफडीत. कोमट. नुसता खात राहावा असा. मी म्हटलं, हे तीन वर्षांचं धुणं आहे. मले पहाटेची ती स्कूटर आठवली, मागं बसून डुलक्या घेणारी पोट्टी आठवली. मी तिथंच ठरवलं, तिवारीजीले आता खरं सांगायचं.

बशी रिकामी झाली. मी काय करावं? ती परत बेल्टवर ठेवली. रिकामं ते आत जावं, भरलं ते बाहेर यावं, सरळ हिशेब. तिथली वाढणारी पोरगी धावत आली, बशी उचलली अन् गोड हसून माह्यासमोर ठेवली. मी पुन्हा बेल्टवर ठेवली. तिनं पुन्हा उचलली. तिसऱ्यांदा शोभानं माह्या मांडीले असा चिमटा काढला की मी तिथंच शिस्तीत आलो. थापाजी पाहून राहिले होते. रेघ हालली नाही.

सगळं चांगलं चाललं होतं. बारा लोक बसले होते. पडद्यामागून प्राचीचे हात दिसत, भराभर बशा ठेवत. कोणी गरम शेवयांचा वाडगा मागे, कोणी सूप, अन् ती आतून एकेकाले देई. मी मनात म्हणून राहिलो, पोट्टी पास आहे. रायपूर. दर रविवारी जाईन.

माह्यापासून तीन खुर्च्या पलीकडं एक बाई बसली होती. कानात इअरफोन, डोळे मोबाईलमधे. गळ्यात पिवळी ओढणी. ती सूप प्यायले वाकली, अन् ओढणीचं एक टोक सरकलं अन् नेमकं बेल्टवर पडलं. दोन बशांच्या मधात. अन् निघालं! हळूहळू, बशांच्या संगं, भोकाकडं!

माह्या अंगातलं रक्तच थांबलं. कपडा बेल्टवर. दुसरं टोक गळ्याभोवती. समोर भोक. आत काय आहे, ड्रम आहे, गिअर आहे, मले काय माहीत!

"ओ ताई! ओढणी!" मी ओरडलो. बेंगळुरूत मराठीत. बाई मोबाईल पाहून हसून राहिली. "मॅडम! दुपट्टा! दुपट्टा!" कानात इअरफोन. भोक वीतभर राहिलं.

शोभानं माहा हात पकडला. "अवो, नाही!"

पण तो हात माहा नव्हता हो. तो हात चौतीस वर्षांचा होता. मी उठलो, लाल दोरी पकडली, अन् पूर्ण ताकदीनं ओढली.

बेल्ट थांबला का?

नाही!

वर कुठंतरी 'टप्' झालं अन् पहिला कंदील शेजारच्या माणसाच्या सुपात पडला. मी म्हटलं, कॉर्ड ढिली आहे, स्विचपर्यंत ओढ पोचून नाही राहिली. मेंटेनन्स नाही! मग मी दोरीले मनगटावर एक वेढा घेतला अन् पुन्हा ओढली. दुसरा कंदील. तिसरा. चौथा. लोक उठून उभे. मी सगळ्यांले ओरडून सांगून राहिलो, "घबराना नहीं! बंद हो रहा है! बंद हो रहा है!" अन् बेल्ट निवांत फिरून राहिला. उलट पडलेले कंदील त्याच्यावर बसले अन् एकामागं एक, बशांच्या रांगेत, भोकातून आत जायले लागले. अन् कंदिलांले बांधलेली दोरी आत जाऊन राहिली. अन् दोरी कोणाच्या मनगटाले? माह्या!

म्हणजे आता बेल्ट मले ओढून राहिला होता.

मी पाय रोवले. उस्तादचे शब्द कानात: थांबेपर्यंत सोडायची नाही! एक शेवटचा झटका दिला. तं दोरीचं दुसरं टोक पडद्याच्या दांड्याले बांधलेलं होतं. दांडा, पडदा, सगळं धाडकन् खाली!

अन् समोर माही पोरगी. हातात बशी. तिच्यासमोर बेल्टवरून चाललेले तीन लाल कंदील. अन् पलीकडं मी, मनगटाले दोरी, कपाळाले घाम.

त्या बाईची ओढणी? ती केव्हाचीच आपोआप घसरून खाली पडली होती. बाईनं इअरफोन काढले अन् विचारलं, "व्हॉट हॅपन्ड?"

थापाजी भिंतीजवळून निघाले. शांतपणे चालत आले. एक बोट पुढं केलं अन् बेल्टवर ठेवलं. बस. एक बोट! बेल्ट थांबला. मग दुसऱ्या हातानं काउंटरखालचं बटन बंद केलं, घरच्या पंख्याचं असते ना, तसं.

चौतीस वर्षं बेल्टवर काढलेला माणूस, अन् मले हे नाही सुचलं की एवढ्या बेल्टले बोटानंही थांबवता येते!

शोभा माह्या कानाशी येऊन म्हणते, "सोडा आता ती."

"थांबला का पुरता?"

"थांबला. सगळंच थांबलं."

मी सोडली.

प्राचीनं एकदा डोळे मिटले, उघडले. मग वाढणाऱ्या पोरीले म्हटलं, "जो बेल्ट पर है, सब हटा दो. नया बनेगा. मैं हाथ से दूँगी." अन् लागली कामाले. ज्याच्या सुपात कंदील पडला त्याले पहिलं नवीन सूप. मग एकेकाले, स्वतः बाहेर येऊन, दोन्ही हातांनी बशी. समोर ठेवताना सांगे, हा कोणता मासा, हे कोणतं लोणचं. लोक बसले. खायले लागले. दहा मिनिटांत कोणी म्हणणार नाही की इथं काही पडलं होतं. त्या इअरफोनवाल्या बाईनं तं मोबाईल पर्समधे ठेवून दिला अन् प्राचीले तांदळाबद्दल विचारायले लागली.

मी कोपऱ्यात उभा. कोणी मले बस म्हटलं नाही, अन् माहीही बसायची हिंमत नव्हती. आतून मले एकच दिसून राहिलं होतं, रायपूर गेलं. माह्या हातानं गेलं. तीन वर्षं पोरीनं तांदूळ धुतले अन् बापानं तीन मिनिटांत धुऊन टाकलं.

शेवटचा माणूस गेला तसा मी थापाजींपुढं जाऊन उभा राहिलो. वाकायचं होतं, पण वाकता येईना.

"साहब, गलती मेरी है. लडकी का कोई दोष नहीं. उसको फेल मत करो. आप बोलोगे तो..." पुढचं बोलताना माहा आवाज फाटला. "आप बोलोगे तो मैं रायपुर की दुकान में कभी पाँव नहीं रखूँगा. लिख के दूँगा."

हे बोलणं काय होतं ते तुमाले समजते ना? मले रायपूर पाहिजे होतं कावून? पोरगी डोळ्यासमोर राहावी म्हणून. अन् तेच मी सोडून द्यायले तयार झालो होतो.

थापाजींनी विचारलं, "अंकलजी, आपने रस्सी खींची क्यों?"

मग मी सगळं सांगतलं. प्लांट, बेल्ट, लाल दोरी, ओढणी, इंडिकेटर. इंडिकेटर म्हटलं अन् त्या माणसाच्या चेहऱ्यावरची रेघ हालली. मग दुसरी हालली. मग ते खाली पडलेल्या कंदिलांकडं पाहून असे हसले, असे हसले, की भिंतीले धरून स्टुलावर बसले.

"ये रस्सी तो मैंने लगाई थी," म्हणतात. "दिवाली पे. सजावट के लिए."

डोळे पुसून मग गंभीर झाले. प्राचीकडं पाहून म्हणाले, "पर्दा गिरा, बेल्ट बंद, सामने खुद के पापा. फिर भी बारह लोगों में से किसी को ठंडा खाना नहीं मिला. इससे बडा इम्तिहान मैं क्या लेता? रायपुर यही जाएगी."

एवढा वेळ प्राचीचे हात थांबले नव्हते. आता तिनं हातातली चमचे ठेवायची ताटली खाली ठेवली. शोभानं जाऊन तिले जवळ घेतलं. मी पण गेलो. पोरगी माह्या खांद्यावर डोकं ठेवून रडून राहिली अन् म्हणून राहिली, "बाबा, तुम्ही ना... तुम्ही ना..." पुढचं तिले सुचलं नाही. बरं झालं.

परतीच्या गाडीत समोरच्या माणसानं विचारलं, "बच्चे क्या करते हैं?" मी म्हटलं, "लडकी चावल पकाती है. जापानी. ऐसा चावल तुमने खाया नहीं होगा." मग मी नागपूर येईपर्यंत थांबलो नाही. घरी आल्यावर तिवारीजीलेही तेच सांगतलं. तं तिवारीजी म्हणतात, "हमको तो तीन साल से मालूम है, आपकी मिसेज ने पहले ही हफ्ते बता दिया था."

अन् मागच्या महिन्यात रायपूरचं दुकान सुरू झालं. बेंगळुरूसारखंच लाकडी, छोटं, लोक येतात, बसतात, खातात, जातात. दारात प्राचीचं नाव, खाली लिहिलं आहे, मुख्य शेफ. मी नवा शर्ट घालून गेलो. थापाजी खास आले होते, त्यांनी मले हात धरून आत नेलं, मधातल्या खुर्चीवर बसवलं. म्हणजे पाँव न ठेवायचं वचन त्यांनी काही घेतलं नव्हतं. मी सगळीकडं नजर फिरवली. काउंटर आहे. स्वैपाकघर सगळं उघडं, पडदा नाही. एक कंदील नाही. दोरी तं सोडाच, साधी सुतळी नाही कुठं.

मी प्राचीले हळूच विचारलं, "बेटा, इथं बेल्ट कुठं आहे?"

ती माह्यासमोर भाताचा वाडगा ठेवून म्हणाली, "नकाशात होता बाबा. मग मालकांनी विचारलं, तुहे बाबा किती लांब राहतात?"

"मग?"

"मी म्हटलं, एका तासावर. त्यांनी तिथंच रबर घेतलं अन् पुसून टाकला."